एक जोडणी, अनेक माणसे : बँडविड्थची न्याय्य वाटणी कशी बसवावी

राजारामपुरीतल्या अभ्यासिका, शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातली वसतिगृहे, उद्यमनगरातली चार-सहा माणसांची कार्यालये, अशा सगळ्या ठिकाणी संध्याकाळ झाली की एकच तक्रार ऐकू येते : प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे, पैसे वेळेवर भरले आहेत, तरी नेट अडकते. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे मोठा प्लॅन घेणे. तो घेतल्यावर काही दिवस बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, कारण बहुतेक ठिकाणी कमी पडत असते ती रांगेची शिस्त आणि प्लॅन वाढवून ती येत नाही. ही शिस्त आपल्याच राउटरवर कशी आणायची आणि ती आणताना आत काय घडते, हे पुढे क्रमाने दिले आहे. वाचकाला राउटरच्या सेटिंगच्या पानापर्यंत पोहोचता येते आणि आयपी पत्ता म्हणजे काय हे माहीत आहे, एवढेच गृहीत धरले आहे.

पहिली पायरी : आधी माप घ्यावे

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. वायफायवर घेतलेले माप या कामासाठी निरुपयोगी असते, कारण त्यात भिंती, अंतर आणि शेजाऱ्यांचे वायफाय हे सगळे मिसळलेले असते. जोडणी मोकळी असताना, म्हणजे शक्यतो सकाळी लवकर, ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, सुरू करावा. विंडोजमध्ये तो चार वेळा होऊन आपोआप थांबतो, म्हणून सतत चालू राहण्याचा पर्याय द्यावा. मग तो चालू ठेवूनच एखादी मोठी व्हिडिओ फाइल ड्राइव्हवर चढवायला लावावी आणि नजर पिंगच्या आकड्यांवर ठेवावी. बिघडलेल्या जोडणीवर साधारण असे दिसते : २४, २६, २५ असे शांतपणे येणारे मिलिसेकंदांचे आकडे अपलोड सुरू होताच ९०, २१०, ४८०, ७०० असे चढत जातात, तिथेच रेंगाळतात, आणि अपलोड रद्द केला की दोन-तीन ओळींत पुन्हा पंचविशीत येऊन बसतात.

हा चढलेला आकडा कुठून येतो, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. कोल्हापूर ते मुंबई हे अंतर रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. फायबर रस्त्याच्या बाजूनेच गेली आहे असे धरले, तर पॅकेटला, म्हणजे माहितीच्या एका छोट्या तुकड्याला, मुंबईला जाऊन परत यायला चार मिलिसेकंदही पुरतात. वाटेतली यंत्रे आणि वळसे मिळून आणखी वीस-पंचवीस धरू. उरलेले सहा-साडेसहाशे मिलिसेकंद ते पॅकेट कुठेही प्रवास करत नव्हते. ते कोणत्या तरी डब्यात, इतर पॅकेटांच्या मागे, नुसते उभे होते.

वहीत पाच आकडे लिहून ठेवावेत : मोकळ्या जोडणीचा पिंग, डाउनलोड चालू असतानाचा पिंग, अपलोड चालू असतानाचा पिंग, आणि डाउनलोड व अपलोड यांचे वेग. वेग सकाळी मोजावेत आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान पुन्हा मोजावेत. पुढच्या कामाला यांपैकी सर्वांत कमी आलेला वेग लागतो. जाहिरातीतला तर लागत नाहीच, सकाळचा चांगला आलेलाही लागत नाही.

दुसरी पायरी : वेग कोण आवरतो ते ओळखावे

फाइल पाठवणाऱ्या संगणकाच्या वेगाला दोन निरनिराळ्या मर्यादा असतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा त्या एकच समजल्यामुळे होतो. पहिली मर्यादा घेणाऱ्याची. टीसीपीमध्ये, म्हणजे इंटरनेटवर माहिती खात्रीने पोहोचवण्याच्या नियमांत, घेणारा संगणक प्रत्येक पोचपावतीबरोबर आपल्याकडे अजून किती बाइटची जागा शिल्लक आहे ते कळवतो आणि पाठवणारा त्यापुढे जात नाही. याला प्रवाह-नियंत्रण म्हणतात आणि कळवलेल्या जागेला विंडो. मूळ टीसीपीत हा आकडा १६ बिटांत लिहिला जात असल्यामुळे तो ६५,५३५ बाइटच्या वर जाऊ शकत नसे. पोचपावती परत यायला २५० मिलिसेकंद घेणाऱ्या परदेशी सर्व्हरशी काम असेल, तर तेवढ्या विंडोत एका प्रवाहाला, म्हणजे दोन संगणकांतल्या एका देवाणघेवाणीला, २.१ एमबीपीएसच्या वर वेग मिळणे शक्यच नव्हते, मग जोडणी शंभरची असो की हजारची. १९९२ मध्ये विंडो स्केलिंग आले आणि ही अडचण सुटली. आजच्या संगणकांत आणि फोनांत ती सोय चालूच असते, त्यामुळे विंडोजच्या रजिस्ट्रीत जाऊन विंडोचे आकडे बदलण्याचा जुना सल्ला कोणी दिला तर तो खुशाल सोडून द्यावा.

दुसरी मर्यादा वाटेची. घेणाऱ्याकडे जागा भरपूर आहे पण मधली वाट अरुंद आहे, हे पाठवणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. हरवलेल्या पॅकेटांवरून किंवा वाढलेल्या वेळेवरून त्याला ते ताडावे लागते. याला गर्दी-नियंत्रण म्हणतात. सुरुवातीच्या टीसीपीत ते नव्हते आणि त्याचे फळ ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसले. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचे अंतर. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. रांगेत अडकलेली पॅकेटे हरवली असे समजून प्रत्येक संगणक तीच पुन्हा पाठवत होता आणि रांग आणखी वाढवत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायाचा गाभा असा : सगळे सुरळीत चालले असेल तर दर फेरीला एखादे पॅकेट वाढवून पाहावे, आणि पॅकेट हरवले की लगेच निम्म्यावर यावे. पुढच्याच वर्षी चिऊ आणि जैन यांनी दाखवून दिले की सावकाश वाढणे आणि झटकन निम्मे होणे या रीतीने वागणारे प्रवाह कोणीही मध्ये न पडता हळूहळू समान वाट्याकडे सरकतात. लिनक्समध्ये २००६ पासून मुळातच निवडलेले क्युबिक हे गर्दी-नियंत्रण याच घराण्यातले. गूगलने २०१६ मध्ये आणलेले बीबीआर वेगळ्या वाटेने जाते. ते पॅकेट हरवण्याची वाट न पाहता उपलब्ध वेग आणि फेरीचा वेळ यांचा अंदाज बांधते. २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा नवा प्रोटोकॉल टीसीपीऐवजी यूडीपी या साध्या, पोचपावती नसलेल्या पद्धतीवर चालत असला, तरी त्यातही ही दोन्ही नियंत्रणे आहेत.

इथे एक मेख आहे. टीसीपी जी समानता आणते ती प्रवाहा-प्रवाहांतली असते, माणसा-माणसांतली नव्हे. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा टॉरेंट वीस प्रवाह उघडून बसला असेल आणि तुमचा व्याख्यानाचा व्हिडिओ एकाच प्रवाहावर येत असेल, तर एकवीस वाट्यांपैकी वीस त्याचे आणि एक तुमचा. वाढपी पंगतीत माणसे न मोजता वाट्या मोजत निघाला, की चार वाट्या मांडून बसलेल्याला चौपट रस्सा मिळतो, तसे हे आहे. त्यात ज्याचा सर्व्हर जवळ आहे त्याच्या फेऱ्या लवकर पूर्ण होतात, त्याचा वेग लवकर वाढतो, आणि दूरच्या सर्व्हरशी काम करणारा आणखी मागे पडतो.

तिसरी पायरी : न्याय्य म्हणजे काय ते ठरवावे

हे यंत्राला ठरवता येत नाही, वापरणाऱ्यांनी मिळून ठरवावे लागते. सर्वांत सोपा दिसणारा उपाय म्हणजे प्रत्येकाला ठरावीक मर्यादा घालणे, आणि अनेक अभ्यासिकांत केबलवाल्याकडून तोच करून घेतलेला असतो. तो मला वाया घालवणारा वाटतो. समजा, संध्याकाळी प्रत्यक्ष मिळणारा वेग ४० एमबीपीएस आहे आणि पाच जणांची त्या क्षणाची गरज २, ६, २०, २० आणि ३० अशी आहे. प्रत्येकी ८ ची मर्यादा घातली, तर पहिल्याचे ६ आणि दुसऱ्याचे २ मिळून ८ एमबीपीएस कोणाच्याही उपयोगाला येत नाहीत आणि तरी उरलेले तिघे तक्रार करत राहतात. याउलट पहिल्याला त्याचे २ आणि दुसऱ्याला त्याचे ६ देऊन टाकावेत, आणि उरलेले ३२ तिघांत सारखे वाटावेत, म्हणजे प्रत्येकाला साधारण १०.७ मिळतात. या वाटणीला मॅक्स-मिन न्याय म्हणतात : ज्याची गरज थोडी आहे त्याची ती पूर्ण होते, आणि ज्याला जास्त हवे आहे त्याला कमी मागणाऱ्याच्या ताटातले ओढून घेता येत नाही. फ्रँक केली यांनी १९९० च्या दशकात मांडलेला प्रमाणशीर न्याय यापेक्षा वेगळा आहे. अनेक दुव्यांच्या मोठ्या जाळ्यांत लांबचा प्रवाह किती ठिकाणी जागा अडवतो याचा विचार त्यात होतो. एकाच अरुंद वाटेवरच्या अभ्यासिकेला किंवा कार्यालयाला मॅक्स-मिन पुरेसा आहे.

माणसे मोजायची की उपकरणे, हाही प्रश्न आहेच. राउटरला माणूस दिसत नाही, पत्ता दिसतो. ज्याच्याकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही चालू आहेत त्याला दोन वाटे मिळतील, आणि आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत असेल तर एकाच उपकरणाचे अनेक पत्तेही वेगवेगळे धरले जातील. एवढी उणीव चालवून घ्यावी. ती बुजवण्याच्या नादात केलेले नियम कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

चौथी पायरी : रांग आपल्या ताब्यात आणावी

सगळ्या लेखातली महत्त्वाची पायरी हीच आहे. रांग नेहमी वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेच्या अलीकडे साचते. आपल्या राउटरचे पोर्ट गिगाबिटचे असते आणि बाहेरची वाट त्याहून कितीतरी अरुंद, त्यामुळे अपलोडची रांग कंपनीने भिंतीवर बसवलेल्या फायबरच्या डब्यात साचते आणि डाउनलोडची कंपनीकडच्या यंत्रात. या दोन्ही ठिकाणी आपले काही चालत नाही. शिवाय पॅकेट टाकून देणे म्हणजे दोष, अशा समजुतीने या यंत्रांत साठवणुकीची जागा बरेचदा गरजेपेक्षा फार मोठी ठेवलेली असते. अपलोड ५ एमबीपीएसचा आणि डब्यात केवळ १ मेगाबाइटची जागा असली, तरी ती भरल्यावर रांगेच्या शेवटी आलेल्या पॅकेटला १.६ सेकंद थांबावे लागते. पॅकेट हरवत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला गर्दी कळत नाही, म्हणून तो आणखी पाठवतो. जिम गेटीज यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे लक्ष वेधले आणि बफरब्लोट हे नाव रूढ झाले.

अपलोडची रांग भरली की डाउनलोडही मंदावतो, हे अनेकांना पटत नाही. पण डाउनलोड चालू ठेवायला पोचपावत्या बाहेर जाव्या लागतात. १०० एमबीपीएसने येणारी १,५०० बाइटची पॅकेटे सेकंदाला सुमारे ८,३०० होतात. दर दोन पॅकेटांमागे एक पोचपावती धरली तरी अपलोडच्या बाजूने नुसत्या पावत्यांचेच साधारण २ एमबीपीएस जातात. सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग क्लाउडवर चढत असेल आणि या पावत्या त्याच्या मागे अडकल्या, की डाउनलोड रखडलाच. कार्यालयात दुपारपर्यंत सगळे ठीक आणि कॅमेऱ्याचा बॅकअप सुरू झाला की नेट बंद, हे कोडे बहुधा असे सुटते.

उपाय असा की आपल्या राउटरवर बाहेरच्या वाटेपेक्षा किंचित कमी वेगमर्यादा लावायची, म्हणजे सर्वांत अरुंद जागा आपला राउटरच होतो आणि रांग तिथे साचते. याला शेपिंग म्हणतात. पहिल्या पायरीत मोजलेल्या सर्वांत कमी वेगाच्या ८५ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान हा आकडा ठेवावा. सुरुवात ८५ पासून करावी. डाउनलोड तर आधीच येऊन पोहोचलेला असतो, त्याला आता काय आवरणार, अशी शंका योग्य आहे. आपला राउटर आलेली पॅकेटे थोडी रोखतो, एखादे टाकतो, त्यामुळे पाठवणाऱ्याचे गर्दी-नियंत्रण जागे होते आणि तो स्वतःच वेग उतरवतो. हे नियंत्रण अप्रत्यक्ष असल्यामुळे डाउनलोडच्या बाजूला जरा जास्त मोकळीक सोडावी लागते. आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी केला म्हणजे पैसे वाया गेले, असे सुरुवातीला सगळ्यांना वाटते आणि तेवढ्यासाठी ही पायरी गाळली जाते. ती गाळून पुढची पायरी केली तर तिचा काडीचाही उपयोग होत नाही.

पाचवी पायरी : रांगेला शिस्त लावावी

रांग हाती आली की तिच्यात कोणाला पुढे सोडायचे हे ठरवता येते. प्रत्येक संगणकाची वेगळी रांग करून त्यांतून पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडावे, ही कल्पना जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये मांडली. मात्र मोठी पॅकेटे पाठवणारा त्यात फायद्यात राहत असे. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी पॅकेटांऐवजी बिटांचा हिशेब धरून ती उणीव काढली. रांगेची लांबी आवरण्याचे काम २०१२ मधल्या कोडेलने केले. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांच्या या पद्धतीत किती पॅकेटे साठली याकडे न बघता प्रत्येक पॅकेट किती वेळ उभे राहिले ते बघतात. ही ताटकळ १०० मिलिसेकंदांपर्यंत सलग ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली, तर पॅकेटे टाकायला सुरुवात होते. या दोन्ही कल्पना एकत्र करून झालेले एफक्यू-कोडेल २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदले गेले. त्यात मुळात १,०२४ रांगा असतात, आणि थोडी पॅकेटे पाठवणाऱ्या प्रवाहाला आपोआप लवकर वाट मिळते. बोलण्याची पॅकेटे, नावांवरून पत्ता शोधण्याची विनंती, पिंग ही सगळी अशी थोडकी असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे नियम लिहावे लागत नाहीत. म्हणूनच ऑनलाइन वर्गाला पहिले प्राधान्य, व्हिडिओला दुसरे, अशा याद्या राउटरमध्ये भरत बसण्याचा मी सल्ला देणार नाही. त्या याद्या आठवड्याभरात जुन्या होतात.

प्रत्यक्ष काम ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरवर सर्वांत सुटसुटीत होते. त्यात रांगा सांभाळणारे एसक्यूएमचे पॅकेज बसवावे, बाहेरच्या वाटेचे म्हणजे वॅनचे पोर्ट निवडावे, आणि डाउनलोड व अपलोडचे आकडे भरावेत. ते किलोबिटमध्ये मागितलेले असतात, म्हणून ८५ एमबीपीएस म्हणजे ८५,००० लिहावे लागतात. रांगेच्या प्रकारात केक निवडावा आणि स्क्रिप्ट पीस ऑफ केक ठेवावी. लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीत आलेले केक आधी उपकरणांत आणि मग प्रत्येक उपकरणाच्या प्रवाहांत वाटणी करते, आपल्याला हवा असलेला न्याय तोच. त्यासाठी प्रगत पर्यायांच्या ओळीत डाउनलोडच्या बाजूला ड्युअल-डीएसटीहोस्ट (dual-dsthost) आणि अपलोडच्या बाजूला ड्युअल-एसआरसीहोस्ट (dual-srchost) लिहावे, आणि दोन्हीकडे नॅट (nat) हा शब्द जोडावा. तो राहिला तर राउटरला आतली उपकरणे वेगळी न दिसता सगळी मिळून एकच पत्ता दिसतो. राउटरमध्ये हार्डवेअर ऑफलोडिंग, म्हणजे प्रोसेसरला वगळून पॅकेटे पुढे ढकलण्याची सोय, चालू असेल तर ते बंद करावे, कारण त्या वाटेने जाणारी पॅकेटे या रांगांत येतच नाहीत. ऑफलोडिंग बंद झाल्याने सगळा भार प्रोसेसरवर येतो. स्वस्त राउटरचा प्रोसेसर दोन-तीनशे एमबीपीएसचे शेपिंगही पेलत नाही, हे राउटर घेण्याआधीच पाहावे.

केबलवाल्याने मायक्रोटिक कंपनीचा राउटर बसवला असेल, तर त्यात पीसीक्यू नावाची रांग असते. डाउनलोडसाठी ती पोहोचण्याच्या पत्त्यावर आणि अपलोडसाठी निघण्याच्या पत्त्यावर बांधली, की प्रत्येक पत्त्याला समान वाटा मिळतो. त्याच्या राउटरओएस या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीपासून केक आणि एफक्यू-कोडेलही त्यात मिळतात. पॅकेटांना रांगा चुकवून नेणारा फास्टट्रॅक मात्र बंद करून घ्यावा. तो चालू ठेवून रांगा बांधल्या आणि मग त्या चालत नाहीत म्हणून डोके धरून बसलो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात.

सहावी पायरी : वायफायकडे वेगळे पाहावे

वायफायमध्ये वाटली जाते ती हवेतली वेळ. १,५०० बाइटचे पॅकेट ३०० एमबीपीएसने बोलणारा लॅपटॉप, नुसता मजकूर धरला तर, ०.०४ मिलिसेकंदांत पाठवतो. दोन भिंतींपलीकडे ६ एमबीपीएसवर आलेल्या जुन्या फोनला त्याच पॅकेटाला २ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पन्नासपट. दोघांना सारखी पॅकेटे दिली तर जवळजवळ सगळी हवा त्या फोनकडे जाते. राउटरमध्ये एअरटाइम फेअरनेस हा हवेतली वेळ सारखी वाटणारा पर्याय असेल तर तो चालू करावा, जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झवर ठेवावे, आणि जे टेबलावरून हलत नाही ते केबलने जोडावे. केबलने उपकरणे एकत्र जोडणाऱ्या स्विचच्या सेटिंगमध्ये फ्लो कंट्रोल असा एक पर्याय दिसतो. तो १९९७ च्या ईथरनेट प्रमाणातला, समोरच्याला क्षणभर थांब म्हणणारा संदेश आहे. त्याने सगळ्यांचीच वाहतूक एकदम थांबते, म्हणून लहान कार्यालयात तो बंदच बरा.

सातवी पायरी : पुन्हा माप घ्यावे

पहिल्या पायरीतली चाचणी तशीच, त्याच केबलवर, त्याच फाइलने करावी. अपलोड चालू असताना पिंग मोकळ्या जोडणीच्या आकड्यापेक्षा दहा-वीस मिलिसेकंदांहून अधिक चढत नसेल, तर वेगमर्यादा दोन-दोन टक्क्यांनी वाढवत जावी आणि पिंग पुन्हा चढू लागला की एक पाऊल मागे यावे. डाउनलोड आणि अपलोडचे आकडे एकाच वेळी बदलू नयेत, नाहीतर कोणत्या बदलाने काय झाले ते कळत नाही. सिमकार्डच्या ४जी किंवा ५जी राउटरवर हे नीट जमत नाही, कारण तिथला वेग मिनिटामिनिटाला बदलतो आणि ठरावीक मर्यादा कधी फार मोठी, तर कधी फार लहान ठरते. तिथे वेगाप्रमाणे मर्यादा आपोआप बदलणारी केक-ऑटोरेट स्क्रिप्ट वापरून पाहावी.

एवढे करूनही रोज रात्री नऊच्या सुमारास पिंग चढत असेल, तर आपल्याकडची सगळी उपकरणे काही मिनिटे बंद ठेवून एकट्या लॅपटॉपवरून ट्रेसरूट, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक यंत्रापर्यंतचा वेळ ओळीने दाखवणारी आज्ञा, चालवावे. पहिली ओळ आपल्या राउटरची असते, दुसरी-तिसरी बहुधा कंपनीची. पहिल्या ओळीचा आकडा एक-दोन मिलिसेकंद आणि त्यानंतरच्या एखाद्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळेच आकडे चढलेले असतील, तर रांग कंपनीच्या बाजूला साचलेली आहे आणि ती आपल्या राउटरवरून आवरता येणार नाही. मधल्याच एखाद्या ओळीचा आकडा मोठा आणि पुढचे पुन्हा लहान, असे दिसले तर त्याकडे दुर्लक्ष करावे. ते यंत्र अशा प्रश्नांना सावकाश उत्तर देते, इतकाच त्याचा अर्थ. तक्रार नोंदवताना सकाळचे आणि रात्रीचे ट्रेसरूट शेजारी शेजारी ठेवून, तारीख-वेळेसह पाठवावे.